गॅसचा लायटर आणि सुके बोंबील

आमच्या कुत्र्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते सासूबाईंनी ठेवलंय, आणि नेमकं तेच नाव नवऱ्याच्या थोरल्या चुलत्यांचं आहे. सासूबाई म्हणतात, योगायोग. या चुलत्यांशी जागेवरून त्यांचं उभ्या जन्मात पटलं नाही, हाही योगायोगच म्हणायचा. चुलते अजून धडधाकट आहेत आणि त्यांना वाचनाची आवड आहे. तेव्हा मी कुत्र्याला कुत्राच म्हणते.

सासूबाई मूळच्या बोनकोड्याच्या. सुकी मासळी विकण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सासरे गेल्यावरही त्या गावातल्या घरात एकट्याच राहत होत्या. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा नवऱ्याने त्यांना उचलून आमच्या नेरूळच्या फ्लॅटवर आणलं. 'उचलून' हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. त्याने आणि टेम्पोवाल्याने खरोखरच उचललं होतं. त्यांच्यामागोमाग एक पत्र्याचा डबा आला, ज्यात सुके बोंबील होते, आणि डब्यामागोमाग कुत्रा आला. तपकिरी, एक कान उभा, एक कान अर्ध्यात विचार बदलल्यासारखा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो टेम्पोत चढून बसला होता.

आम्ही साताऱ्याकडचे. माझे वडील बाजारात माथाडी होते. मटण म्हणाल तर आमच्या घरात कुणी नाही म्हणायचं नाही, पण सुक्या बोंबलाचा वास मला लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तरी झेपत नव्हता. पहिल्या दिवशी मी डब्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, आणि या दोघांपैकी एक तरी जाणार असा मनाशी निश्चय केला. पण झालं उलटंच. महिनाभरात मला सासूबाईंची सवय लागली. मुलगी नोकरीसाठी दूर गेली होती, नवरा रात्री उशिरा यायचा, आणि शाळेतून आल्यावर मी कुलूप उघडून अंधाऱ्या घरात पाय टाकायची. आता दार उघडं असायचं. आतून आवाज यायचा, "आलीस गो? चाय टाक, मना पन." म्हणजे चहा मलाच करायचा होता. तरी बरं वाटायचं. मला त्या हव्या होत्या, हे मी सरळच सांगते. त्यांना मात्र कधी सांगितलं नाही, उगाच डोक्यावर बसल्या असत्या.

अडचण एकच होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज चालायचं. सासूबाई म्हणाल्या, कुत्रा बरोबर असेल तरच चालेन. आणि कुत्रा चालायचा नाही, ओढायचा. गेटच्या बाहेर पडला की तो पुढे, पट्टा ताणलेला, आणि मागे सासूबाई एका हाताने पदर सावरत, दुसऱ्या हाताने देवाला आणि कुत्र्याला आलटून पालटून हाका मारत. त्याचं नाव ऐकून रस्त्यावरचे लोक समजायचे, बिचारीचा नवरा पुढे निघून गेलाय. एके दिवशी त्याला मांजर दिसलं आणि सासूबाई थेट सोसायटीच्या मेंदीच्या कुंपणात जाऊन बसल्या. लागलं काही नाही. पण नवऱ्याने ते गॅलरीतून पाहिलं.

"बस झालं," तो म्हणाला. "ताईच्या यजमानांचं उरणजवळ द्रोणागिरीला गोडाऊन आहे. तिथे राखणीला कुत्रा हवाच आहे. भाऊबीजेला ताई येईल, जाताना घेऊन जाईल."

सासूबाईंनी जेवणाचं ताट पुढे सारलं. "यो गेला तर मी पन जातंय. बोनकोर्‍याला."

"आये, अगं एकटी कशी राहशील तिथे?"

"कशी म्हंजे? व्हते तशी."

मी दोघांच्या मधे भात वाढत होते. ही बाई बोलल्याप्रमाणे करते हे मला ठाऊक होतं. म्हणून मी म्हटलं, "त्याला शिकवलं तर?"

"कुत्र्याचं शेपूट," नवरा म्हणाला, "नळीत घातलं तरी वाकडं."

"शेपूट वाकडंच राहू दे. चालणं सरळ झालं म्हणजे झालं. चाळीस चाळीस पोरांचे वर्ग शिकवलेत मी. हे एकच आहे, आणि याला मोबाइल नाही."

नवऱ्याने अट घातली. दिवाळीच्या आधीच्या रविवारी जवळच्या तळ्याभोवती एक फेरी. पट्टा आईच्या हातात. पट्टा ताणला नाही, तर कुत्रा राहील. ताणला, तर द्रोणागिरी.

मी एका ट्रेनरला बोलावलं. हसरा, तरतरीत तरुण, पॅंटला चौदा खिसे आणि प्रत्येक खिशात काहीतरी. तो जे बोलला ते शंभर टक्के बरोबर होतं, हे मी आधीच नोंदवते, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा काही दोष नाही. तो म्हणाला, गळ्यातला पट्टा काढा, छातीवरून जाणारा हार्नेस घाला, म्हणजे त्याच्या गळ्याला त्रास होणार नाही. मारू नका, ओरडू नका. चांगलं वागला की त्याच क्षणी बक्षीस द्या. वाटाण्याएवढा तुकडा, पण त्याच्या जिवाभावाचा. वाईट वागला की दुर्लक्ष करा. आणि मग त्याने खिशातून एक छोटी डबी काढून दाबली. टिक.

"हा क्लिकर. तो बरोबर वागला की टिक, आणि टिक झालं की लगेच खाऊ. काही दिवसांनी टिक म्हणजे 'शाब्बास' हे त्याला समजतं. शब्द बदलतात, माणसाचा आवाज बदलतो, टिक बदलत नाही."

सासूबाईंनी हे सगळं मन लावून ऐकलं. मग ट्रेनर कुत्र्याकडे वळून म्हणाला, "सिट!" कुत्र्याने त्याच्याकडे पाहिलं आणि कान खाजवला. पुन्हा, "सिट!" कुत्रा सासूबाईंच्या मागे गेला.

"ओ भाऊ," सासूबाई म्हणाल्या, "त्याला कोन इंग्लिश शिकवलाय? बोनकोर्‍याचा हाय तो." मग कुत्र्याला म्हणाल्या, "बस रं." कुत्रा अजिबात बसला नाही, पण सासूबाईंचं समाधान झालं.

ट्रेनर आम्हाला क्लिकर भेट देऊन गेला. तो जिना उतरेपर्यंत कुत्र्याने क्लिकर चावून टाकला होता.

आता दुसरा मागवता आला असता. कुणीही शहाण्या माणसाने मागवला असता. पण मी ओट्याजवळ उभी होते, चहाचं आधण ठेवत होते, आणि माझ्या हातात गॅसचा लायटर होता. मी तो दाबला. टिक. कुत्र्याने मान वळवली. माझ्या अंगावर शहारा आला. क्लिकर आणि लायटर, दोन्हींचा आवाज हुबेहूब! वर लायटरला लांब दांडा, चावायला स्टीलचा, म्हणजे टिकाऊ. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी शेजारच्या शेगडीवरचं दूध उतू घालवलं.

बक्षिसाचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. पत्र्याचा डबा उघडला, त्यातून एक सुका बोंबील काढला आणि अडकित्त्याने त्याचे तुकडे केले, वाटाण्याएवढे. मी म्हटलं, "आई, कुत्र्याला मीठ चालत नाही." त्या म्हणाल्या, "बोंबलाला मीठ कोन लावतो? बांबूच्या वलीवर वालवलेला हाय तो, उन्हात. मास्तरीन हायस ना तू?"  मग सुपारीचा एक जुना बटवा होता, त्यात तुकडे भरून त्यांनी तो कमरेला खोचला. त्या दिवसापासून आमच्या हॉलचा वास पार बदलला.

आणि काय सांगू, कुत्रा शिकला! बोंबलासाठी तो कॉलेजातसुद्धा गेला असता. मी लायटर वाजवायची, सासूबाई तुकडा द्यायच्या. बसला, टिक, बोंबील. हाक मारल्यावर आला, टिक, बोंबील. पायाजवळून चालला, टिक, बोंबील. आठवड्यात तो असा बसायला लागला, की शाळेत तपासणी आल्यावर आमची पोरंही तशी बसत नाहीत. अधूनमधून लायटर सासूबाईंच्या हातात गेला की घोळ व्हायचा, कारण त्या कुत्रा चांगला वागल्यावर वाजवत नसत, कुत्रा आवडल्यावर वाजवत. तो झोपेत गोड दिसला, टिक. जांभई दिली, टिक. "आई, जांभईला बक्षीस नसतं," मी सांगायची. "का? दमला हाय तो," त्या म्हणायच्या.

नवरा सकाळी स्वयंपाकघरातून विचारायचा, "लायटर कुठाय?" मी म्हणायची, "कुत्र्याच्या शाळेत." तो काडेपेटी शोधायचा. स्वतः एकदाही कुत्र्याला फिरवायला नेलं नाही, पण सोफ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकायचा, "असं नाही, जरा कडक बोला त्याला." आणि टेबलाखालून स्वतःच बिस्कीट द्यायचा. मला वाटत होतं त्याला कळत नाही. आता वाटतं, त्याला सगळं कळत होतं आणि कुत्रा त्यालाही आवडत होता, फक्त आईपुढे माघार घ्यायची नव्हती.

आता या पद्धतीतली मेख माझ्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले. क्लिकर फक्त तुमच्या हातात असतो. लायटर प्रत्येकाच्या घरात असतो.

सकाळी सहाला वरच्या मजल्यावर कुणी चहा टाकला, की आमचा कुत्रा झोपेतून उठून ताठ बसायचा आणि सासूबाईंच्या पांघरुणाकडे बघायचा. दुपारी बिल्डिंगभर दुसरा चहा व्हायचा, तेव्हा तो बसून उठून बसून उठून दमायचा. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींचं दार नेहमी उघडं असतं. त्या सकाळी नैवेद्याचा शिरा करायला गॅस पेटवायच्या, आणि आमचा कुत्रा आत जाऊन ओट्यासमोर, देवघराकडे तोंड करून, कान पाडून बसायचा. त्याचं देवघराशी काही देणंघेणं नव्हतं, ओटा त्या दिशेला होता इतकंच. पण वहिनींचे डोळे भरून आले. हा मागच्या जन्मीचा कुणी साधक असणार, असं त्यांनी लिफ्टमध्ये चार जणांना सांगितलं. त्या त्याला रोज साजूक तुपातला शिरा द्यायला लागल्या. साधकाचं पोट सुटलं. मी त्यांना खरं सांगायला गेले होते, पण दोन बायका त्याला नमस्कार करताना दिसल्या आणि मी परत आले.

घरातला अभ्यास झाला, मग रस्त्यावरचा. ट्रेनरने सांगितलं होतं, ओढायला लागला की झाड व्हा. म्हणजे जागच्या जागी थांबायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही. पट्टा सैल झाला की मगच पाऊल पुढे. त्याला कळायला हवं की ओढलं तर काहीच मिळत नाही, सैल सोडलं तर जग पुढे सरकतं.

सासूबाईंना झाड होणं फार आवडलं. इतकं आवडलं, की गेटपासून कोपऱ्यापर्यंत जायला आम्हाला पाऊण तास लागायचा. त्या मधोमध उभ्या राहायच्या, एक हात कमरेवर. भाजीवाली थांबायची, "काय मावशी, इथं कशा?" मग कोथिंबिरीच्या भावापासून तिच्या सुनेपर्यंत सगळं बोलणं व्हायचं. "आई, झाडं बोलत नाहीत," मी म्हणायची. "पिंपलाखाली कवा बसली नाय वाटतं तू," हे उत्तर. कुत्रा पट्टा सैल सोडून केव्हाचा बसलेला असायचा, पण झाडाला गप्पा सोडवत नसत.

आणि त्याच काळात कुत्र्याने आमच्या पुढचा अभ्यास केला. त्याच्या ध्यानात आलं, की नुसतं सरळ चाललं तर बोंबील क्वचित मिळतो. पण आधी जोरात ओढलं, मग थांबलं, मागे वळून पट्टा सैल केला, तर टिक वाजते आणि बोंबील नक्की मिळतो. झालं! तो हिशोबाने ओढायला लागला. ओढ, थांब, वळ, खा. ओढ, थांब, वळ, खा. मी फोनवर ट्रेनरला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मॅडम, तो तुम्हाला ट्रेन करतोय." मला राग आला, पण त्याचं म्हणणं खोडता येईना.

यात भर मांजरांची. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. बटव्यातल्या बोंबलाचा वास सेक्टरभर पसरला होता. सुरुवातीला एक मांजर मागे आलं. मग तीन. दिवाळी जवळ आली तेव्हा आमची मिरवणूक अशी निघायची: पुढे कुत्रा, मागे सासूबाई, त्यांच्या मागे हातात लायटर घेऊन मी, आणि माझ्या मागे शिस्तीत चालणारी मांजरं. एकदा माझ्या वर्गातला मुलगा समोरून आईबरोबर येत होता. त्याने माझ्या हातातल्या लायटरकडे पाहिलं, मांजरांकडे पाहिलं आणि आईच्या मागे लपला. दुसऱ्या दिवशी त्याने न सांगता गृहपाठ पूर्ण करून आणला.

असा तो रविवार उजाडला. सासूबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. बटवा गच्च भरलेला. रात्री त्यांनी कपाटातली पिशवी काढून दोन लुगडी आणि औषधं भरून ठेवली होती. ती मी सकाळी दाराशी पाहिली आणि पायाने दाराआड सरकवली.  

तळ्यावर सकाळची गर्दी होती. नवरा परीक्षक म्हणून आला होता, कानाला फोन लावून. तो चालायला लागला आणि नेहमीप्रमाणे पाच मिनिटांत पुढे निघून गेला. तो असाच चालतो. लग्नानंतर आम्ही देवाला गेलो होतो, तेव्हाही तो दर्शन घेऊन परत येत होता आणि मी चपला काढत होते.

सुरुवात मात्र बरी झाली. कुत्रा सासूबाईंच्या डाव्या पायाशी, पट्टा सैल, मी टिक, सासूबाई बोंबील. नवऱ्याने मागे वळून पाहिलं तेव्हा मी विजयाने लायटर हलवला. मग वळणावरची चहाची गाडी आली.

गाडीवाल्याने स्टोव्ह पेटवायला घेतला होता. लायटर त्याचा जुना असणार, नाहीतर गॅस संपत आला असणार. टिक. टिक. टिकटिक. टिकटिकटिकटिक. कुत्रा बसला. बक्षीस आलं नाही म्हणून उठला. पुन्हा टिक, पुन्हा बसला. सासूबाईंना वाटलं मीच वाजवतेय, त्यांनी तुकडा दिला. टिक, तुकडा. टिक, तुकडा. मी ओरडले, "आई, मी नाही, तो!" पण गाडीवाला हट्टाला पेटला होता, स्टोव्ह पेटत नव्हता, आणि आमचा कुत्रा तळ्याच्या काठी दिवाळीपूर्वीच्या रविवारी उठाबशा काढत होता. चहाला थांबलेले लोक मोजायला लागले. सासूबाईंनी हात घातला तो बटव्याच्या तळाला लागला. बोंबील संपले.

मागून आलेल्या मांजरांनी, तोवर जमिनीवर सांडलेल्या चुऱ्यावरून, भांडण काढलं. कुत्र्याने मांजरं पाहिली. पट्टा असा ताणला की कुणीही आडवं झालं असतं, पण या खेपेस सासूबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या. झाड नव्हे, वडच. कुत्रा टोकाला धडपडत होता, मांजरं पळाली, चहाचा एक ग्लास उपडा झाला, आणि एवढ्यात नवरा परत आला.

"झालं," तो म्हणाला. "पाहिलं मी. द्रोणागिरी." आणि त्याने फोन लावला. ताईने उचलला नाही. "करंज्या तळत असेल," तो म्हणाला. "नंतर करतो. चल आये." आणि चालायला लागला.

सासूबाई हलल्या नाहीत.

कुत्रा केव्हाच शांत झाला होता. पट्टा जमिनीला टेकला होता. मी हळूच म्हटलं, "आई, सैल सोडलाय त्याने. चला." त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर पुढे जाणाऱ्या नवऱ्याच्या पाठीवर होती. तो बराच पुढे गेला, मग त्याला जाणवलं की मागे कुणी नाही. थांबला. हातवारे केले. त्या ढिम्म. शेवटी तो परत आला.

"काय झालं? गुडघा दुखतोय? रिक्षा करू?"

"गुडघा बरा हाय."

"मग?"

"तू पन ओढतोस," सासूबाई म्हणाल्या. "याला निदान बोंबील दिला का थांबतो."

नवऱ्याच्या तोंडाशी उत्तर आलं होतं, मला दिसलं. पण त्या थांबल्या नाहीत. "मी पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जायची, तवा तू माज्या मागं पलत यायचास. 'आये थांब, आये थांब' करीत. मी थांबायची. पाटी जड असली तरी थांबायची. मंग तू मोठा झालास नि पुढं गेलास. तो पुढंच हायस."

 गाडीवाल्याचा स्टोव्ह पेटला होता, आणि तोसुद्धा चहा टाकायचा विसरून ऐकत होता. मला रडू येत होतं आणि हातातल्या लायटरचं काय करावं कळत नव्हतं, म्हणून मी तो पर्समध्ये टाकला.

नवऱ्याने फोन खिशात घातला. आईच्या हातातून पट्टा घेतला, दुसरा हात तिच्या कोपराखाली धरला. उरलेली अर्धी फेरी ते तिघं चालले, मी चार पावलं मागे. सासूबाई ऑपरेशनच्या पायावर जरा झुकून चालतात, त्यांची चाल मुंगीची. नवऱ्याला त्या चालीने चालता येईना. अर्धं पाऊल टाकायचा, अडखळायचा, थांबायचा. कुत्रा मात्र बरोबर त्यांच्या पायाशी चालला. एकदाही ओढलं नाही. सासूबाई नंतर म्हणाल्या, त्याला सगळं समजलं. मला विचाराल तर त्याचं पोट भरलं होतं. अख्खा बटवा आत गेल्यावर मीही ओढलं नसतं.

फेरी संपली तिथे बाकं आहेत. सासूबाई बसल्या नाहीत. उभ्या राहून म्हणाल्या, "मंग? कवा धारतोस द्रोणागिरीला?"

"बघू."

"बघू नको. सांग. मना पिशवी भरायची हाय." भरलेली पिशवी घरी दाराआड होती.

नवऱ्याने कुत्र्याकडे पाहिलं. कुत्रा नेमका त्याच्या बुटावर बसला होता. "नाही धाडत," तो म्हणाला.

तेवढ्यात ताईचा फोन आला. नवरा म्हणाला, "काही नाही, सहज केला होता. नाही नाही, सगळं ठीक. आईला फिरवतोय."

"कोन कोनाला फिरवतंय," सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, ताईला ऐकू जाईल अशा. मग पदर खोचला. "चल. अजून एक फेरी मारू."

"आये, डॉक्टरांनी एवढं नाही सांगितलं."

"डाक्टर येतंय का चालायला?"

नवऱ्याने घड्याळ पाहिलं. त्याला कुठेतरी जायचं होतं, हे मला माहीत होतं. मला घरी जाऊन चकल्या तळायच्या होत्या, म्हणून मी म्हटलं, "तुम्ही जा, मी निघते." पण लगेच निघाले नाही, बाकावर टेकले. ते तिघं निघाले. वळणापाशी नवरा सवयीने दोन पावलं पुढे गेला. मग थांबला आणि आई येईपर्यंत तिथेच उभा राहिला.